वसंतातली पहिली फुलपाखरं कुठे बघावीत आणि त्यांचे फोटो कसे काढावेत?

तुम्ही पुण्यात राहता आणि मार्च-एप्रिलमध्ये हंगामाची पहिली फुलपाखरं कुठे सापडतील, फोटोला मोबाईल पुरेल का, असं विचारलंय. मोबाईल पुरतो. हंगामाबद्दल मात्र आधी थोडं स्पष्ट करतो. थंडी ओसरली, ऊन पडलं आणि वर्षातलं पहिलं फुलपाखरू निघालं, हा प्रकार युरोपातला. आपल्याकडे बऱ्याच जाती कमी-अधिक बारा महिने असतात आणि खरा भर पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून दिवाळीच्या आसपासपर्यंत. तरी चैत्रात एक ताजी फळी मैदानात उतरतेच. ती हवी असेल तर फुलांच्या ताटव्यापाशी ताटकळू नका, पालवी बघा.

मादीला अंडी घालायला कोवळं पान लागतं, कारण नुकत्याच बाहेर पडलेल्या अळीला जून पान कुरतडता येत नाही. बहाव्याला नवी पालवी आली की पिवळट-पांढऱ्या कॉमन एमिग्रंटच्या माद्या झाडाभोवती घिरट्या घालू लागतात. नीट बघा: मादी पानावर टेकते न टेकते, पुढच्या पायांनी थपथप करून पानाची चव घेते, पोटाचं टोक वाकवून एकच अंडं चिकटवते आणि पुढच्या पानावर जाते. ती परत परत त्याच फांदीवर येते, म्हणून मागे धावायचं नाही. फांदीवर फोकस धरून उभं राहायचं.

बाल्कनीत लिंबाचं किंवा कढीपत्त्याचं रोप असेल तर आणखी सोपं. लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉर्मन दोन्ही तिथे येतात. पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसलं तर पुसू नका, ती लहान अळी असते. मोठी झाल्यावर ती हिरवी होते, मग कोष करते. कोषाचं आवरण पारदर्शक होऊन आतल्या पंखांची नक्षी दिसू लागली की समजायचं, वेळ झाली. बहुतेकदा सकाळीच फुलपाखरू बाहेर येतं आणि पंख वाळेपर्यंत बराच वेळ लटकून राहतं. इतका निवांत मॉडेल पुन्हा मिळत नाही.

रानात जायचं असेल तर ताम्हिणीच्या बाजूचे आटत चाललेले ओढे गाठा. उन्हं तापली की ओल्या वाळूवर नर जमतात. मातीतले क्षार, मुख्यतः सोडियम, शोषायला. कॉमन ब्लूबॉटल तर सोंडेने पाणी ओढता ओढता मागून थेंब उडवत असतं. पानगळीच्या जंगलात अशा जागी स्पॉट स्वोर्डटेल दिसलं तर सोडू नका. ते मुख्यतः पावसाळ्याआधीच उडतं, एरवी बराचसा काळ कोषात. वसंताचं फुलपाखरू म्हणायचं तर माझ्या मते हेच.

फोटो काढताना दोन गोष्टी सांभाळा. तुमची सावली त्यांच्यावर पडली की सगळा थवा उडालाच, म्हणून सूर्य कुठे आहे ते आधी पाहा. आणि वरून काढू नका, बसा, जमल्यास वाळूवर आडवे व्हा. मिटलेले पंख कॅमेऱ्याला समांतर आले तरच नक्षी टोकापर्यंत स्पष्ट येते. चिखलावरही पंख थरथरत असतात, त्यामुळे कॅमेरा असेल तर शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान आणि अॅपर्चर (भिंगाचं छिद्र) एफ ८ च्या आसपास ठेवा. मोबाईल असेल तर अगदी जवळ न जाता टू-एक्स झूमवर काढा, नंतर क्रॉप करता येतं.

पंखांच्या वरच्या बाजूचा फोटो देखणा येतो हे खरं, पण खालच्या बाजूचाही एक काढाच, भले तो फसका का असेना. पुष्कळ जाती तिथेच ओळखू येतात. नाहीतर घरी येऊन पिवळ्या-पांढऱ्यांमध्ये हे नेमकं कोणतं, यावर डोकं खाजवत बसाल.