स्वयंपाक शिकायला कॉलेज कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलीला बारावीनंतर गृहविज्ञानाला जायचंय, नातेवाईक म्हणतात की वरणभात आणि शिवणटिपण शिकायला चार वर्षं कशाला घालवायची, आणि पुढे नोकरीचं काय?

ही पदवी मी मराठवाड्यात घेतली. मग एम.एस्सी., बी.एड., काही वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात शिकवणं, आणि आता मुलींच्या वसतिगृहाची मेस. तुमच्या नातेवाइकांचं वाक्य मला पाठ आहे.

दुसऱ्या वर्षी संस्था व्यवस्थापनाच्या प्रात्यक्षिकात आमच्या गटाकडे १२० जणींची मुगाची खिचडी आली. हातात कृती चार जणींची. मी सगळं सरळ तिसाने गुणलं, पाणीसुद्धा. घरच्या पातेल्यातून जेवढं पाणी वाफ होऊन उडतं, त्या मानाने मोठ्या पातेल्यातून बरंच कमी उडतं, हे डोक्यातच आलं नाही. मेसच्या मावशींनी पळी खिचडीत उभी धरली आणि सोडली. ती बुडाली. मावशी एक शब्द बोलल्या नाहीत, आणि त्याचीच जास्त लाज वाटली. तिखटही तिसाने गुणलं होतं, ते वेगळंच.

पुढचे पंधरा दिवस बाईंनी तीच खिचडी करायला लावली. आधी २५ जणींची. तयार खिचडी तोलायची, एका वाढपात किती ग्रॅम जातात ते बघायचं, ताटात टाकलेलं अन्नही तोलायचं, आणि मगच ५० वर जायचं. याला प्रमाणित पाककृती म्हणतात. चव हातावर असते हे घरापुरतं ठीक आहे. मावशी रजेवर गेल्या की मेसची चव रजेवर जाऊन चालत नाही.

शालेय पोषण आहाराचंच घ्या. पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. ३०० मुलांना ६ किलो डाळ, हिशेब कुणीही करेल. पण वरणातली डाळ तळाशी बसते. ढवळत वाढलं नाही तर पहिल्या रांगेला नुसतं पाणी आणि शेवटच्या पोराला गोळा. हे बघणारं माणूस तयार करणं, हा या शिक्षणातला मोठा भाग.

दुसरा भाग शिकवण्याचा. बी.एड.च्या सराव पाठात मी प्रथिनांवर छान टाचण काढलं होतं, तक्त्यावर दूध, अंडी, मासे. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, यातलं आमच्याकडे रोज काहीच नसतं." पुढच्या पाठाला मी डब्यात भाकरी आणि पिठलं घेऊन गेले. प्रथिनं ज्या घटकांची बनतात, त्यातलं लायसिन ज्वारीत कमी, ते हरभऱ्यात भरपूर. दुसरा घटक मेथिओनिन हरभऱ्यात कमी, ती कसर ज्वारी भरून काढते. तिला ते लगेच पटलं, कारण ते तिच्याच घरचं होतं.

आणि हा विषय कुणा सुगरणीने काढलेला नाही. अमेरिकेत त्याचा पाया घालणाऱ्यांत एलेन स्वॅलो रिचर्ड्स आघाडीवर होत्या. त्या रसायनशास्त्रज्ञ, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत (एमआयटी) शिकलेल्या पहिल्या महिला. पाण्याच्या तपासणीतलं त्यांचं काम मोठं आहे. आपल्याकडे कृषी विद्यापीठांनी आता विषयाचं नाव 'सामुदायिक विज्ञान' केलंय. त्याने नातेवाईक गप्प बसतात असा माझा अनुभव नाही.

नोकरीचं खरं सांगते. फक्त शिक्षिका व्हायचं म्हणून पाठवू नका. कनिष्ठ महाविद्यालयाला एम.एस्सी. आणि बी.एड. लागतं, वरिष्ठला नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, आणि जागा क्वचित निघतात. अंगणवाडीच्या मुख्यसेविका पदाची जाहिरात आली की अर्ज करता येतो. रुग्णालयात आहारतज्ज्ञ व्हायचं तर पदवीनंतर पुढचं शिक्षण हवंच. वसतिगृहं, कॅन्टीन, मोठी स्वयंपाकघरं इथे मात्र हिशेब आणि स्वच्छता दोन्ही कळणारं माणूस सहज सापडत नाही.

प्रवेशाआधी मुलीला घेऊन कॉलेज बघून या. ऑफिसात फार वेळ घालवू नका, अन्नप्रयोगशाळा बघायला मागा. वजनकाटा ओट्यावर, पीठ लागलेला दिसला तर फी भरा. काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवला असेल तर दुसरं कॉलेज बघा.