बंगल्याच्या आवारातला पालापाचोळा जाळायला परवानगी कुठे मिळते?

तुम्ही विचारलंय की पुण्यातल्या तुमच्या जुन्या बंगल्याभोवती फेब्रुवारी-मार्चमध्ये आंब्याच्या नि बदामाच्या पानांचे ढीग साठतात, ते आपल्याच आवारात, पाण्याची बादली जवळ ठेवून जाळायला महापालिकेची परवानगी लागते का, आणि ती कुठे मिळते. अशी परवानगी मिळत नाही, कारण उघड्यावर कचरा जाळायलाच बंदी आहे, आणि वाळलेली पानंही त्यात येतात.

‘जागा माझी, मग अडचण कसली?’ हा मुद्दा बरेच जण काढतात. त्याला थोडा आधारही आहे. 2016 च्या घनकचरा नियमांत रस्त्यावर किंवा स्वतःच्या आवाराबाहेरच्या सार्वजनिक जागेत कचरा जाळू नये, असे शब्द होते. पण त्याच नियमांत बागेतला कचरा आपल्या आवारात वेगळा साठवून पालिका सांगेल तशी त्याची विल्हेवाट लावावी, हेही होतं. शिवाय 22 डिसेंबर 2016 ला राष्ट्रीय हरित लवादाने देशभर उघड्यावर कचरा जाळण्यावर सरसकट बंदी घातली. साधा कचरा जाळला तर 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळला तर 25,000 रुपये भरपाई, असा तो आदेश आहे. त्यामुळे कुंपणाच्या आत पेटवलं म्हणून सुटका होईल, या भरवशावर राहू नका.

दंडापेक्षा मला धुराची काळजी जास्त वाटते. दवाने ओली झालेली पानं भडकत नाहीत, धुमसत राहतात, आणि धुमसणाऱ्या ढिगातून सूक्ष्म कण नि कार्बन मोनॉक्साइड जास्त निघतो. त्यात थंडीच्या सकाळी जमिनीलगतची हवा गार नि वरची उबदार असते, त्यामुळे धूर वर न जाता घरांच्या खिडक्यांच्या उंचीवरच रेंगाळतो. माझ्या सासूबाईंना दमा आहे. आमच्या गल्लीत सकाळी सहाला ढीग पेटायचा, तेव्हा त्या दारं-खिडक्या लावून, पंप हातात धरून बसायच्या. झाडलोट करणाऱ्या काकांना मी एकदा रागाने बोललो, त्याचं मला आजही वाईट वाटतं. घंटागाडी पानं घेत नव्हती आणि रस्ता स्वच्छ दिसला नाही तर त्यांनाच बोलणी बसायची. त्यांनी ती न्यायची कुठे?

आम्ही मग कोंबडीजाळीचा तीन फूट रुंद, चार फूट उंच असा गोल पिंजरा केला. खाली काटक्या, वर पानं. नुसती पानं लवकर कुजत नाहीत, त्यांना नत्र लागतं. म्हणून दर वीतभर थरावर शेणकाला शिंपडायचा. शेण मिळालं नाही तर आंबट ताक-गुळाचं पाणी आणि स्वयंपाकघरातला थोडा ओला कचरा घाला. ढीग पिळलेल्या फडक्याइतका ओलसर हवा. महिन्यातून एकदा खालीवर करा. आंब्याची पानं चिवट, ती आधी तुडवून किंवा चुरून घ्या, नाहीतर वर्षभर तशीच दिसतील. बाकीच्यांचं चार-सहा महिन्यांत काळं, भुसभुशीत खत होतं आणि ढीग बसून एवढासा उरतो. खत नको असेल तर पानं झाडांच्या आळ्यात चार बोटं जाड पसरा, फक्त बुंध्याला चिकटवू नका. उन्हाळ्यात पाणी निम्म्याने कमी लागतं, असा माझा अनुभव आहे. तरीही पानं उरली तर पुण्यात ‘ब्राउन लीफ’ या उपक्रमातून पानं जास्त झालेले आणि पानं हवी असलेले लोक एकमेकांना गाठतात.

मोठ्या फांद्यांसाठी तुमच्या क्षेत्रीय कार्यालयातल्या आरोग्य निरीक्षकांना भेटा आणि अर्जाची पोच घ्या. शेजारी कुणी जाळत असेल तर तक्रारही तिथेच होते, पण आधी एकदा जाऊन बोला.

पिंजऱ्याला सावलीची जागा लागते. तुमच्या आवारात दुपारी ऊन कुठवर येतं ते खाली लिहा, म्हणजे कुठे उभा करायचा ते सांगतो.