मूल म्हणते, "बडोद्याला जायचे नाही"

न्यू जर्सीहून एका आईचे पत्र आले आहे. त्यांची आठ वर्षांची मुलगी गेल्या डिसेंबरात आजी-आजोबांकडे, इथल्या दांडिया बाजारातल्या घरी, तीन आठवडे राहून गेली. तिच्या वडिलांचे एक मावसभाऊ रोज संध्याकाळी चहाला येत, तिला मांडीवर ओढून बसवत आणि पापा मागत. ती अंग चोरून घेई. त्यावर सासूबाई म्हणत, "अगं, आपलेच काका आहेत, लाजतेस काय?" आता उन्हाळी सुट्टीच्या तिकिटांचा विषय निघाला की मुलगी म्हणते, "मला बडोद्याला जायचे नाही," आणि कारण विचारले की गप्प बसते. आई विचारतात, मी उगाच संशय घेते आहे का, आणि हे बोलून दाखवले तर सासरची माणसे दुखावणार नाहीत का?

तुमचा संशय खरा की खोटा, याचा निवाडा आज तुम्ही करायचा नाही. मुलीला ते जवळ घेणे नको होते, ते तिने अंग चोरून सांगितले होते आणि घरातल्या कोणीही ते मानले नाही, एवढे तुम्हाला नक्की ठाऊक आहे. ते थांबवायला एवढे पुरेसे आहे, त्यासाठी गुन्हा सिद्ध व्हावा लागत नाही. त्या गृहस्थांच्या मनात काही वावगे नसेल, तर एका मुलीने पापा दिला नाही म्हणून त्यांचे काहीच बिघडणार नाही.

मी याच भागात वाढले आणि पुढे अनेक वर्षे बालवाडीत शिकवले, त्यामुळे आपल्या घरांतले प्रेम कसे असते ते मला ठाऊक आहे. गालगुच्चा घेणे, मांडीवर ओढणे, "पापा दिल्याशिवाय चॉकलेट नाही" म्हणणे, हे सगळे मायेनेच होते. मात्र त्यातून मूल एक गोष्ट शिकते, ती म्हणजे मोठ्या माणसाने मागितले की आपले अंग द्यायचे आणि नको वाटले तरी हसायचे. ज्याचा हेतू वाईट असतो, त्याला मुलाची ही सवय आयती मिळते. ओळखीच्या एका घरी मी हे डोळ्यांनी पाहिले आहे. पाच वर्षांची नात झोपाळ्यावर बसली होती, पाय जमिनीला टेकत नव्हते. पाहुणे "ये गं इकडे" म्हणत पुढे आले, तेव्हा तिने झोपाळ्याची कडी दोन्ही हातांनी इतकी घट्ट धरली की बोटांची पेरे पांढरी पडली. तिची आजी स्वयंपाकघराच्या दारातून शांतपणे म्हणाली, "तिथूनच नमस्कार कर हं, बाळा, पुरे आहे." पाहुणे बसले, चहा झाला, कोणाचाही अपमान झाला नाही. दुरून हात जोडणे ही आपलीच रीत आहे, आणि त्यात आदर कुठेही उणा पडत नाही.

आता मुलीशी बोलण्याविषयी. समोरासमोर बसवून उलटतपासणी घेऊ नका. गाडीत, भाजी निवडताना, झोपण्याआधी, म्हणजे जेव्हा तिला तुमच्या डोळ्यांत पाहावे लागणार नाही अशा वेळी, "बडोद्याला काय आवडले नाही?" इतकेच विचारा आणि थांबा. "काकांनी इथे हात लावला का?" असे विचारू नका, कारण मुले आईला हवे आहे असे वाटणारे उत्तर देतात आणि मग खरे काय ते कोणालाच कळत नाही. ती बोललीच, तर "तू सांगितलेस ते फार बरे केलेस, यात तुझी काहीही चूक नाही" असे म्हणा, तिचेच शब्द तारीख घालून लिहून ठेवा आणि तेच तेच पुन्हा विचारू नका. "मी कोणालाही सांगणार नाही" असे वचन मात्र देऊ नका, कारण ते तुम्हाला पाळता येणार नाही. बोलली नाही, तर शाळेच्या समुपदेशकाची किंवा तिच्या बालरोगतज्ज्ञांची मदत घ्या. न्यू जर्सीच्या कायद्याने मुलावर अत्याचार झाल्याची सयुक्तिक शंका आलेल्या कोणत्याही व्यक्तीवर ती कळवण्याचे बंधन आहे, हे ध्यानात असू द्या, पण त्या भीतीने मदत टाळू नका.

माझ्या वर्गात एक मुलगा होता, ज्याचे पोट ठरावीक दिवशीच दुखे. मी ते शाळा टाळण्याचे निमित्त समजले आणि त्याला दोन-तीनदा रागावले. त्या दिवशी संध्याकाळी तो ज्यांच्याकडे शिकवणीला जाई, तिथे काय घडत होते ते पुढे पुष्कळ उशिरा कळले. ही रुखरुख माझ्या मनातून आजही गेलेली नाही. म्हणूनच मुलग्यांच्या पालकांनीही हे वाचावे. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतील १२,४४७ मुलांची पाहणी करून २००७ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. त्यात ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या लैंगिक अत्याचाराचा अनुभव सांगितला. त्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींहून किंचित अधिकच होते, आणि अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे लोक ओळखीचे किंवा विश्वासातले होते.

मुलीच्या बोलण्यातून गंभीर काही निघाले, तर "आता आपण परदेशात आहोत, इथून काय करणार" असे समजू नका. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा २०१२ चा पोक्सो कायदा १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला मूल मानतो, आणि घटना भारतात घडली असेल तर तुमच्या मुलीचे पारपत्र कोणत्या देशाचे आहे याने फरक पडत नाही. अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना दिलीच पाहिजे, आणि हे बंधन आजी-आजोबांनाही लागू आहे. माहिती न देणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे. उलट सद्भावनेने माहिती देणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे गुन्ह्याची खबर इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र त्यावर तीन दिवसांत सही करावी लागते. भारतात असाल तर मुलांच्या मदतीसाठी १०९८ किंवा कोणत्याही तातडीसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

पोलीस ठाण्याच्या धास्तीने अनेक कुटुंबे गप्प राहतात, म्हणून हेही सांगते. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेश न घालता. इथले कामकाज गुजरातीत चालते आणि तुमची मुलगी इंग्रजी व मराठीच बोलत असेल, तर दुभाष्याची तरतूद कायद्यातच आहे. खटला बंद दालनात चालतो, मुलाची ओळख प्रसिद्ध करता येत नाही आणि आरोपी तिच्या समोर येऊ नये म्हणून व्हिडिओवरून साक्ष घेण्याचीही सोय आहे. त्या गृहस्थांना आधी फोन करून जाब विचारण्याचा मोह मात्र आवरा. त्याने पुरावा जातो आणि सगळा दबाव मुलीवर येतो.

"घरातली गोष्ट घरात राहावी" हे सासरचे म्हणणे मी समजू शकते. पण ज्या सयाजीरावांचा आपण बडोदेकर अभिमान बाळगतो, त्यांनी १९०४ मध्ये बालविवाहाला आळा घालणारा कायदा केला आणि १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. तेव्हाही मुलांचे काय करायचे ते आमचे आम्ही पाहू, असे म्हणणारी घरे होतीच. मूल घरात जन्मले म्हणून त्याच्यावर घराचाच तेवढा हक्क नसतो, हे या गावाला शंभर वर्षांपूर्वीच सांगून झाले आहे.

तेव्हा सासूबाईंना तिकिटे काढण्याआधी फोन करा, आणि तो तुमच्या पतीने करावा, कारण मुलाने सांगितले की आईला ते सुनेचे गाऱ्हाणे वाटत नाही. त्यांनी एवढेच म्हणावे, "आई, ती कोणाच्या मांडीवर बसणार नाही, नमस्कार करेल. रात्री आमच्याच खोलीत झोपेल. आणि आम्ही असेपर्यंत मावशीकडचे दादा घरी येणार नाहीत, हे तू त्यांना सांग किंवा मी सांगतो." सासूबाईंनी हे मान्य केले नाही, तर जवळच्या हॉटेलात उतरून दिवसा आजी-आजोबांना भेटा, किंवा या वर्षी त्यांनाच तिकडे बोलवा. यातले काय ठरते ते मुलीला आधी सांगा. ती बहुधा एकच प्रश्न विचारेल, "ते काका येणार आहेत का?" त्याचे खरे उत्तर "नाही" असे देता येईपर्यंत तिकिटे काढू नका.