'तिटकारा' या शब्दाचा अर्थ काय आणि तो 'द्वेष', 'किळस' यांपेक्षा वेगळा कसा?

'तिटकारा' म्हणजे मनात मुरलेली अशी तीव्र नावड, की ती व्यक्ती, वस्तू किंवा वागणूक नजरेसमोरही नकोशी होते. हा शब्द पुल्लिंगी असून ज्याची नावड आहे त्याला 'चा' प्रत्यय लागतो आणि पुढे बहुधा 'येणे', 'वाटणे' किंवा 'असणे' ही क्रियापदे येतात. उदाहरणार्थ, 'तिला लाळघोटेपणाचा मनस्वी तिटकारा आहे.'

द्वेषात दुसऱ्याचे वाईट व्हावे ही इच्छा दडलेली असते. तिटकाऱ्यात ती असावीच लागत नाही, माणूस नुसता दूर सरतो. किळस मुख्यतः घाणेरड्या गोष्टींची येते, तर वीट अतिरेकाने येतो: रोज दुधी खाऊन त्याचा वीट येईल, तिटकारा मात्र पहिल्या घासालाही असू शकतो.

'घृणा' अर्थाने जवळचा असला तरी बोलण्यात तो मला पुस्तकी वाटतो. गंमत अशी, की संस्कृतात त्याचा 'दया' असाही अर्थ आहे आणि म्हणूनच 'निर्घृण' म्हणजे निर्दय. लिहिताना 'तिटकारा'चे सामान्यरूप 'तिटकाऱ्या' असे होते, त्यामुळे 'त्याने तिटकाऱ्याने तोंड फिरवले' असे लिहावे.