मानेवरच्या वणाचं आधी बोला, पण सोनोग्राफी त्याच्याही आधी

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. धाकटी बहीण २७ वर्षांची, थायरॉईडच्या उजव्या बाजूला १.६ सेंटिमीटरची गाठ, सुईच्या तपासणीत पॅपिलरी कॅन्सर. लग्नाचं बघताय म्हणून आईला मानेवर वण नको आहे, आणि एका डॉक्टरांनी तोंडातून ऑपरेशन सुचवलंय. बहीण मात्र म्हणते, कॅन्सर झालेला असताना वणाचं बोलायची लाज वाटते.

आधी तिची ही लाज घालवा. माझी थायरॉईडची ग्रंथी २०१४ साली पूर्ण काढली. त्याआधी एका डॉक्टरांना मी वण कुठे येईल असं विचारलं, तर 'जीव महत्त्वाचा की गळा?' म्हणून त्यांनी फाईल मिटली. मी रिक्षात बसून रडले आणि परत तिथे गेले नाही. या वयात सापडलेल्या पॅपिलरीतून बहुतेक जणी बऱ्या होतात आणि पुढे भरपूर जगतात. तेवढी सगळी वर्षं रोज आरशात तीच मान बघायची असते. तिने डॉक्टरांना सरळ विचारावं.

पण निर्णयाची सुरुवात वणापासून करू नका. मानेच्या दोन्ही बाजूंच्या लिम्फ नोड्सची (लसिकाग्रंथींची, जिथे हा कॅन्सर पसरू शकतो) नीट सोनोग्राफी झालीय का? बाजूच्या नोड्समध्ये आजार गेला असेल तर मोठा छेद घ्यावाच लागतो आणि तोंडातून करण्याचा विषय बहुतेक तिथेच मिटतो. नोड्स साफ असतील आणि गाठ ग्रंथीच्या आतच असेल, तर अर्धीच ग्रंथी काढून भागेल का, हे विचारा. १ ते ४ सेंटिमीटरच्या अशा गाठींना अर्धी काढणं पुरेसं ठरू शकतं, असं अमेरिकन थायरॉईड असोसिएशनने २०१५ मध्येच म्हटलंय. अर्धी राहिली तर कित्येकींना थायरॉईडची जन्मभराची गोळी लागत नाही आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या चारही छोट्या ग्रंथी एकदम धोक्यात येत नाहीत. माझी पूर्ण काढली तेव्हा दुसऱ्या दिवशी ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या, तीन महिने कॅल्शियम घेतलं. वणापेक्षा त्या मुंग्यांनी मी जास्त घाबरले होते.

आता तोंडातून. बँकॉकचे डॉ. अंगकून अनुवाँग यांनी २०१६ मध्ये पहिल्या ६० रुग्णांचे अनुभव मांडले आणि ही पद्धत जगभर गेली. खालच्या ओठाच्या आत तीन छोटे छेद घेतात आणि हनुवटीवरून दुर्बीण मानेत उतरवतात. बाहेर काहीच दिसत नाही, हे खरं आहे. साधारण २ सेंटिमीटरपर्यंतचा, ग्रंथीबाहेर न गेलेला कॅन्सर त्यात बसतो, म्हणजे तुमच्या बहिणीची गाठ बसू शकते. हनुवटी मात्र काही आठवडे बधिर राहू शकते, आणि आत अडचण आली तर ऐनवेळी मानेवर छेद घ्यावा लागतो. त्याला बहिणीची मनापासून तयारी हवी. कोरियात रुजलेली बगलेतून करायची पद्धतही आहे, पण तिच्यात वण नाहीसा होत नाही, फक्त जागा बदलतो.

कुठलीही पद्धत असो, डॉक्टरांना विचारा: तुम्ही वर्षाला थायरॉईडची किती ऑपरेशनं करता, आणि त्यातली तोंडातून किती? आवाजाची नस ग्रंथीला चिकटून जाते. ती सवयीच्या हातांत जास्त सुरक्षित असते. तोंडातून करणारे नवखे असतील तर मी साधा छेद घेणारे मुरलेले सर्जन निवडेन.

आणि साध्या छेदाला आईने इतकं घाबरू नये. छोट्या गाठीला बऱ्याचदा चार-पाच सेंटिमीटरचा छेद पुरतो. माझ्या सर्जननी सकाळी मला वॉर्डात पलंगावर ताठ बसवलं, मान खाली-वर करायला लावली आणि मूळच्याच एका वळीवर पेनने रेघ ओढली. झोपवून, मान ताणून रेघ मारली तर उठल्यावर वण अंदाजापेक्षा खाली, छातीच्या हाडाकडे सरकतो, आणि तिथली कातडी फुगते. 'खूण बसवून कराल ना?' एवढं नक्की विचारा.

तिसऱ्या महिन्यात माझा वण लाल होऊन दोरीसारखा वर आला होता. घरात सगळे म्हणाले, आता हा असाच राहणार. जखम भरल्यावर तिसऱ्या आठवड्यापासून मी सिलिकॉनची पट्टी लावत होतेच, उन्हात सनस्क्रीन आणि ओढणी. पाचव्या महिन्यात त्वचेच्या डॉक्टरांनी वणातच स्टिरॉईडची इंजेक्शनं दिली, दोन वेळा. गिळताना कातडी वर ओढली जायची, ते सर्जनना विचारून बोटाने मालिश केल्यावर सुटलं. वर्षभर मंगळसूत्र घासू दिलं नाही. आता बारीक फिकट रेघ आहे आणि ठुशी बरोबर तिच्यावर बसते.

एक गोष्ट आजच बघा: बहिणीच्या दंडावरची बीसीजीची खूण किंवा कान टोचल्याची जागा फुगून टणक झालीय का? तसं असेल तर तिच्या कातडीला केलॉईडची, म्हणजे वण प्रमाणाबाहेर वाढण्याची, सवय असू शकते, आणि मग तोंडातून करण्याकडे माझंही मत झुकेल. सर्जनना हे आपणहून सांगा, घाईत ते विचारायचं राहून जातं.

पॅपिलरी सहसा सावकाश वाढतो. दुसरं मत घ्यायला दोन-तीन आठवडे गेले तर सहसा बिघडत नाही, तरी आताच्या डॉक्टरांना तसं विचारून घ्या. सोनोग्राफीत नोड्सबद्दल काय लिहिलंय ते मला कळवा, दुसऱ्या डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आपण मिळून काढू.