बास्क संघर्षावरची एखादी तटस्थ डॉक्युमेंटरी सुचवाल का?

'तटस्थ' वाचलं आणि टाळकं सटकलं. तुमच्यावर नाही हो, आमच्या फिल्म क्लबातल्या एका सरांवर.

पुण्यात आम्ही खुलिओ मेडेमची 'ला पेलोता वास्का' लावली होती. 2003 ची, एटा, म्हणजे बास्क प्रदेश स्पेनपासून वेगळा करायला हत्यार उचललेली संघटना, तेव्हा चालू होती. राजकारणी, लेखक, एटाने मारलेल्यांच्या घरचे, पोलिसांनी छळलं म्हणणारे, एकेक जण उघड्यावर बसून बोलतो, मागे डोंगर नाहीतर समुद्र, आणि वाक्य पुरतं संपायच्या आत पेलोता या बास्क खेळातला चेंडू भिंतीवर फाडकन आपटतो की पुढचा माणूस सुरू. लाईट लागले तसे सर उठले, म्हणे बॅलन्सच्या नावाखाली ही अतिरेक्यांची वकिली आहे, विधवेनंतर लगेच कैद्याच्या बायकोला दाखवायचं म्हणजे काय! आता हे काही त्यांचं डोकं नव्हे, स्पेनमधल्या तेव्हाच्या पीपी या उजव्या पक्षाच्या सरकारची ओरड हीच होती, सान सेबास्तियन फिल्म फेस्टिव्हलच्या आधीपासून बोंब, मुलाखत दिलेले दोघं तर आम्हाला काढा म्हणून अडून बसले. मी एवढंच विचारलं की सर, पीपीला बोलावलं होतं, ते आले नाहीत, एटाही आली नाही, मग न आलेल्या माणसाला एडिट टेबलवर कुठून आणायचं? तर म्हणे, "तू अजून लहान आहेस." तिशी उलटली होती माझी, आणि एडिटिंगवरच घर चालत होतं.

2023 ला परत तेच. जोर्दी एव्होले आणि मारिउस सांचेसने एटाचा जुना म्होरक्या होसू तेर्नेराची मुलाखत घेतली तर पाचशेवर लोकांनी सह्या करून सांगितलं की फेस्टिव्हलमधून काढा, रिलीजच्या आधीच! फेस्टिव्हलने ऐकलं नाही ते बरं झालं, कारण 1976 मध्ये गाल्दाकाओच्या मेयरला मारलं त्यात आपण होतो हे त्या माणसाने त्याच कॅमेऱ्यासमोर कबूल केलं. माईक दिला नसता तर निघालं असतं का हे?

असो, तटस्थ वगैरे काही मिळणार नाही. मेडेमची बघा, पण कट फार भराभर आहेत, नावं डोक्यावरून जातात, आणि 2011 चा कायमचा युद्धविराम किंवा 2018 चं विसर्जन त्यात असणं शक्यच नाही. आठशेच्या वर माणसं एटाने मारली, त्यांच्या घरच्यांचं नीट ऐकायचं तर इन्याकी आर्तेताची 'त्रेसे एन्त्रे मिल' बघा. तिलाही एकच बाजू आहे, पण तिच्यावर आमचे सर काही बोलणार नाहीत. सर, इथे असाल तर मुद्द्याला उत्तर द्या, वय काढू नका.