लिहिलेले असते, पण सापडत नाही: संगणकावरील नोंदींविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न: माझी डाळिंबाची बाग आहे. फवारणी, पाणी, मजुरी यांच्या नोंदी मी आठ वर्षे संगणकावर साध्या मजकुराच्या फाइलींत लिहीत आलो आहे. विहिरीतला गाळ कधी काढला हे पाहण्यासाठी ‘विहीर’ हा शब्द शोधला, तर जेमतेम तीन नोंदी आल्या. प्रत्यक्षात पुष्कळ असायला हव्यात. चूक कोठे होते आहे?

उत्तर: संगणकाला मराठी व्याकरण ठाऊक नाही, एवढीच चूक आहे. साध्या मजकुरात शोध घेणारा प्रोग्राम तुम्ही दिलेली अक्षरे त्याच क्रमाने जुळतात का, इतकेच पाहतो. मराठीत मात्र प्रत्यय लागण्याआधी शब्दाचे सामान्यरूप होते आणि ‘विहीर’मधली दीर्घ वेलांटी ‘विहिरीतला’, ‘विहिरीवर’ या रूपांत ऱ्हस्व होते. म्हणजे तुम्ही शोधलेला शब्द त्या नोंदींत खरोखरच नसतो. ‘फूल’ आणि ‘फुलांची’, ‘मूळ’ आणि ‘मुळाशी’ यांची तीच गत आहे. ‘पाणी’ शोधल्यास ‘पाण्याचा’ मिळत नाही, पण ‘पाण’ एवढेच शोधल्यास दोन्ही मिळतात. (सोबत एखादी पाणंदही येईल, ती सोसावी.) ‘कापूस’साठी ‘काप’ पुरते, ‘पाऊस’ आणि ‘पावसाने’ यांत मात्र समान असे ‘पा’खेरीज काहीच उरत नसल्याने दोन वेळा शोधण्यास पर्याय नाही.

नोटपॅड प्लस प्लससारख्या मजकूर लिहिण्याच्या प्रोग्राममध्ये शोधताना ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ (नेमक्या शब्दाऐवजी नमुना देऊन शोधणे) हा पर्याय निवडून विह[िी]र असे लिहिल्यास दोन्ही वेलांट्या एकदम तपासल्या जातात. कंसात एकट्या पडलेल्या वेलांटीभोवती ठिपक्यांचे वर्तुळ दिसते, त्याने बिचकू नये. याहून खात्रीचा उपाय लिहितानाच करता येतो. प्रत्येक नोंदीच्या पहिल्या ओळीत दोन-तीन शब्द प्रत्यय न लावता, मूळ रूपात लिहावेत: विहीर, गाळ, मजुरी. पुढचा मजकूर मग हवा तसा लिहावा.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी टंकलिखित केलेली माझी टिपणे जुन्या संगणकावर सुरेख दिसतात, पण शोधल्यास एकही शब्द सापडत नाही. नव्या लॅपटॉपवर तर नुसती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसतात. टिपणे खराब झाली आहेत का?

उत्तर: खराब झालेली नाहीत. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, देवनागरीला १९९१ पासून जागा आहे आणि विंडोज २०००पासून ती त्या संगणकांवर वापरताही येऊ लागली, तरी आपल्याकडची कार्यालये आणि छपाईची कामे पुढेही बरीच वर्षे जुन्या फॉन्टांवरच चालली. त्या फॉन्टांत फाइलीमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरे आणि चिन्हेच साठवलेली असतात. फॉन्ट त्यांच्यावर मराठी आकारांचा मुखवटा चढवतो. मुखवटा नसलेल्या लॅपटॉपवर तुम्हाला खरा चेहरा दिसला. शोधपेटीत तुम्ही युनिकोडमधून शब्द लिहिता, म्हणून तो जुळत नाही. जुन्या संगणकावर त्याच जुन्या कळफलकाने लिहिलात, तर पेटीत अगम्य चिन्हे दिसतील, पण शब्द सापडेल.

कायमचा मार्ग म्हणजे युनिकोडमध्ये रूपांतर. त्यासाठी आधी फॉन्टचे नेमके नाव पाहून ठेवावे, कारण प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी असते आणि एकासाठीचा परिवर्तक दुसऱ्याच्या मजकुराचे वाटोळे करतो. मधेमधे खरे इंग्रजी शब्द असतील, तर ते वगळून रूपांतर करावे. नाहीतर त्यांचेही विचित्र मराठी होईल. रफार, जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांटी या ठिकाणी चुका राहतात, तेवढ्या जागा डोळ्यांनी तपासाव्यात. मूळ फाइली काही झाले तरी पुसू नयेत.

प्रश्न: फोनवर लिहिलेला ‘दुसऱ्या’ हा शब्द संगणकावर शोधला तर सापडत नाही. ‘ॲप’चेही तसेच. दोन्हीकडे युनिकोडच आहे, तरी असे का?

उत्तर: एकसारखे दिसणारे अक्षर दोन रीतींनी लिहिता येते म्हणून. ‘ऱ्य’मधला अर्धा र काही कळफलक ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त देऊन लिहितात, तर काही साध्या र आणि हलन्तापुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवतात. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्यापूर्वी अ वर चंद्र देऊन काम भागवले जाई आणि आजही काही ठिकाणी तसेच होते. तातडीचा उपाय म्हणून अडचणीच्या अक्षराआधीच थांबावे, म्हणजे ‘दुस’ एवढेच शोधावे. सवड मिळाली, की एक रीत ठरवून सर्व फाइलींत ‘शोधा आणि बदला’ करून घ्यावे. आकड्यांबाबतही हाच नियम आहे: २०१९ देवनागरीत लिहायचे की इंग्रजी आकड्यांत, हे एकदाच ठरवावे. ल आणि श यांच्या मराठी व हिंदी वळणांची मात्र काळजी नको. तो केवळ फॉन्टचा फरक आहे.

प्रश्न: विषयवार फोल्डर करावेत की सर्व नोंदी एकत्र ठेवाव्यात?

उत्तर: फोल्डरात फोल्डर अशा उतरंडीबद्दल मला फारशी आस्था नाही. डाळिंबाच्या कर्जाची नोंद ‘शेती’त जाते की ‘बँके’त, याचे उत्तर आज एक असते आणि सहा महिन्यांनी दुसरे. जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लूमान यांच्याकडे सुमारे ९०,००० चिठ्ठ्या होत्या. त्यांनी त्यांची काटेकोर विषयवारी न लावता प्रत्येक चिठ्ठीला क्रमांक दिला आणि एका चिठ्ठीत दुसरीचा क्रमांक लिहून त्या जोडल्या. आपल्याला तीन-चार ढोबळ फोल्डर आणि फाइलीच्या नावाच्या सुरुवातीला वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख एवढे पुरे. त्यामुळे नोंदी आपोआप कालक्रमाने लागतात. फाइलीचे नाव लांबलचक ठेवू नये. लिनक्स या संगणकप्रणालीवर नावाला सामान्यतः २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीतले प्रत्येक अक्षर, काना, मात्रा तीन-तीन बाइट घेते, म्हणजे जागा ८५ चिन्हांचीच.

प्रश्न: वडिलांच्या हस्तलिखित वह्यांचे फोटो काढले आहेत. त्यांत शोध घेता येईल का?

उत्तर: छापील मराठी पाने असती, तर टेसरॅक्टसारख्या मोफत प्रोग्रामने मजकूर बराचसा ओळखला असता. हस्ताक्षरासाठी मी त्यावर विसंबणार नाही. प्रत्येक फोटोसाठी एका फाइलीत एक ओळ लिहावी: फोटोचा क्रमांक, तारीख, आलेली नावे आणि विषय. मजकूर पुढे कधी जसाच्या तसा उतरवलात, तर १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीच्या लेखनातले ‘नांव’, ‘कांहीं’ असे अनुस्वार तसेच ठेवावेत. वहीचा तो काळ आहे. त्या एका ओळीत मात्र आजचे लेखन वापरावे, कारण शोधणारे आजच्या सवयीनेच शोधतील.